भिंतीवर लावायचा फोटो

आईचा फोन आला तेव्हा मी वर्गात होतो, म्हणून उचलला नाही. दुसऱ्यांदा आला तेव्हाही उचलला नाही. तिसऱ्यांदा आला तेव्हा मुलांना पानिपतावर सोडून व्हरांड्यात आलो, कारण आमची आई एका दिवसात तीनदा फोन करणारी नाही. तिच्या हृदयाची झडप बदलण्याचं ऑपरेशन बारा दिवसांवर आलं होतं. मनात नको ते येऊन गेलंच.

"काय झालं?"

"काय न्हाय. माझा फोटो काढायचाय. मोठा. भिंतीवर लावायचा."

"कुठल्या भिंतीवर?"

मी हे विचारलं खरं, पण आमच्या निपाणीच्या घरात फोटो लावायची भिंत एकच आहे. बाहेरच्या खोलीत, दारासमोर. तिच्यावर आजोबा आहेत, आजी आहे आणि अकरा वर्षांपासून माझे वडील, आप्पा, आहेत. जिवंत माणसाला त्या भिंतीवर जागा मिळत नाही.

"आई, असलं काय तरी बोलू नको."

"का? दवाखान्यात कागदावर सही घेतली ती चालती, आणि फोटो चालत न्हाय?"

"ऑपरेशन होऊ दे. मग निवांत काढू."

"मग काढलास आणि मीच नसले, तर कसा आलाय ते मला कसं कळणार? मी बघून, पसंत करून ठेवणार हाय. तुझ्यावर सोडणार न्हाय. आप्पांचं काय केलंस ते रोज बघतीया."

फोन ठेवून वर्गात आलो. पानिपत अर्ध्यावर होतं. कोणती फौज कुठे उभी होती हे मला काही केल्या आठवेना.

आप्पांचं मी काय केलं होतं ते सांगायला हवं. आप्पा निपाणीत एका तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. पांढरा सदरा, पायजमा, काळी टोपी. कोट त्यांनी जन्मात घातला नाही. माझ्या लग्नात सासरकडच्यांनी हौसेनं एक कोट पुढं केला, तेव्हा ते म्हणाले, "मी काय बँडवाला हाय?" आणि तो कोट खुर्चीच्या पाठीवर लग्नभर एकटाच बसून राहिला.

आप्पा गेले आणि बाराव्याच्या आत फोटो हवा म्हणून शोधाशोध झाली. एका चुलतभावाच्या लग्नातला ग्रुप फोटो सापडला. त्यात आप्पा कडेला उभे होते आणि चौकटीबाहेरचं काहीतरी बघत होते. तो घेऊन मी बसस्टँडजवळच्या फोटो लॅबमध्ये गेलो. तिथल्या माणसानं डॉक्टर विचारतो तसे तीन प्रश्न विचारले. टोपी ठेवू? कोट घालू? रंग उजळू? मला चार दिवस झोप नव्हती. मी म्हणालो, "कसं बरं दिसंल तसं करा."

माझा असा अंदाज आहे की या एका वाक्यावर आमच्या भागातले निम्मे पूर्वज तयार झाले आहेत.

फोटो आला. त्यात दुधासारखे गोरे आप्पा गडद निळ्या कोटात आणि लाल टायमध्ये, ढगांसमोर उभे होते. बाराव्याला आलेली माणसं म्हणाली, "साहेब दिसत्यात." चाळीस वर्षं दुसऱ्यांना साहेब म्हणत आलेला माणूस असा एकदम बढती मिळून भिंतीवर गेला. आईनं काही न बोलता हार घातला. तिला आवडला, असं मी धरून चाललो.

वर्षभरानं एका किराणा दुकानदाराच्या घरी भेटायला गेलो. त्याचे वडील नुकतेच वारले होते. भिंतीवर पाहिलं तर तोच निळा कोट, तोच लाल टाय, टायच्या गाठीला तीच सुरकुती. लॅबमध्ये कोट एकच होता आणि गावातले सगळे मेलेले तो आळीपाळीनं घालत होते. ही गोष्ट मी बेळगावात मित्रांना हसत हसत सांगितली. आईला सांगितली नव्हती. सांगायची गरज नव्हती, हे त्या फोनवरून कळलं.

रविवारी बेळगावहून निपाणीला गेलो. आई मागच्या दारी पायरीवर बसली होती. घरातलं चॉकलेटी लुगडं, डोळ्यांवर चष्मा, दाराची कडी पाठीमागं.

मी म्हणालो, "शाल तरी घे."

"का? माझा सत्कार हाय?"

"चष्मा काढ. काचेवर उजेड चमकतोय."

"चष्मा काढल्यावर मला तू दिसत न्हाईस. मग मी बघू कुणाकडं?"

फोनवर पंधरा-सोळा फोटो काढले. माझी मोठी बहीण, आमची आक्का, दोन गल्ल्या पलीकडे राहते आणि आईचं सगळं तीच बघते. ती डबा घेऊन आली, काय चाललंय ते तिनं एकदा पाहिलं आणि डबा ठेवून पाणीही न पिता निघून गेली. दारातून एवढंच म्हणाली, "तुमा दोघांना डोकं न्हाय." आईनं तिच्याकडं लक्ष दिलं नाही. तिनं फोन डोळ्यांजवळ धरून एक फोटो निवडला. त्यात ती हसत नव्हती, रागावलीही नव्हती. भाजीवाला भाव सांगत असताना बघते तशी बघत होती.

"हा. मोठा करून आण. आणि ह्यात कायबी करू नको."

"काही करत नाही. मी घरीच छापतो."

घरी छापतो, असं मी ऐटीत म्हणालो, कारण माझ्याकडे प्रिंटर होता. आप्पांच्या कोटाची गोष्ट मित्रांना सांगून सांगून माझी अशी खात्री झाली होती की माणसानं स्वतःचे फोटो स्वतः छापावेत. गेल्या वर्षी तो प्रिंटर घेतला तेव्हा बायकोला मी त्यावर छोटंसं व्याख्यानही दिलं होतं. राजेरजवाड्यांच्या चित्रकारांपासून आजच्या चौकातल्या फ्लेक्सपर्यंत चेहरा नेहमी दुसऱ्याच्या ताब्यात कसा असतो, वगैरे. ती म्हणाली, "ठेवणार कुठं ते आधी सांगा."

पहिल्या महिन्यात मी दिसेल ते छापलं. अंगणातला पेरू, सांब्र्याला उतरणारं विमान, उचगावच्या रस्त्यावरचं उसाचं शेत, शेजाऱ्यांचं मांजर. मग उत्साह संपला आणि यंत्रावर कापड पडलं. अशा यंत्राची एक खोड असते. ते वापरलं नाही तर शाई आतल्या बारीक छिद्रांत वाळून बसते. आठ महिन्यांनी कापड काढलं तेव्हा ते वाळलेलंच होतं.

पहिल्या प्रिंटमध्ये आईच्या चेहऱ्यावरून आडव्या निळ्या रेघा गेल्या होत्या, जणू ती पट्ट्यापट्ट्यांच्या पडद्यामागे बसली होती. छिद्रं साफ करायची सोय यंत्रात असते. साफ करायलाही ते शाईच पितं. तीनदा साफ केलं. दुसरा प्रिंट घाईत कागदाच्या उलट्या बाजूवर काढला. त्या बाजूला शाई धरत नाही, त्यामुळं आईचा गाल हळूहळू मानेवर ओघळू लागला. मी तो टिपकागदानं पुसायला गेलो आणि मध्येच हात मागं घेतला. तो कागद चुरगाळायचा धीर झाला नाही, म्हणून घडी करून खणात घातला. तिसरा प्रिंट बरा आला असं वाटलं. तो खिडकीत नेऊन पाहिला, ट्यूबलाइटखाली पाहिला, बाल्कनीत पाहिला. तिन्हीकडे वेगवेगळी बाई दिसत होती. परत खिडकीत आलो.

बायको भाजी निवडत होती. म्हणाली, "तुम्ही एका जागी बसा बघू. तुम्ही फिरलात म्हणून फोटो लवकर वाळत नाही."

मला बसवत नव्हतं. त्या दिवसांत मला कुठंच बसवत नव्हतं. वर्गात खुर्चीवर टेकलो की उठून फळ्याकडं जायचो. डॉक्टरांनी झडपेचं चित्र काढून सगळं समजावून सांगितलं होतं आणि मी नकाशा बघतो तशी मान डोलावली होती. आता ते चित्र सोडून फक्त फोटोचा रंग डोक्यात ठेवणं मला सोयीचं होतं. हे तेव्हा कळत होतं असं म्हणणार नाही.

बुधवारी शेवटचा तास संपवून बसनं निपाणीला गेलो. आईनं फोटो हातभर लांब धरला.

"हिला कावीळ झालीया."

"स्क्रीनवर बरोबर दिसतोय गं. कागदावर जरा पिवळट—"

"तुझ्या यंत्राचीबी झडप बदलायला झालीया."

परतीच्या बसमध्ये ठरवलं की व्याख्यान गेलं खड्ड्यात, लॅबमध्ये जायचं.

बेळगावातली ती लॅब मोठी आहे. तीन पायऱ्या, काचेचं दार, आत थंडगार हवा आणि पाहुण्यांसाठी असतो तसा सोफा. भिंतीवर नमुने लावलेले होते. चंद्रावर बसलेलं नवरा-नवरीचं जोडपं. गाजरं ठेवावीत तसं टोपलीत ठेवलेलं तान्हं मूल. गॉगल लावलेले एक युवा नेते, त्यांच्यामागे उगवता सूर्य, सिंह आणि विधानसौधाची इमारत, तिन्ही साधारण एकाच उंचीचे. काउंटरवरच्या बाईंनी फोटो फोनवरून मागवून घेतला आणि विचारलं, "सर, वाढदिवसाचा का श्रद्धांजलीचा?"

"म्हणजे?"

"त्याप्रमाणं बॅकग्राउंड येतंय सर."

"साधा."

"साधा असा ऑप्शन न्हाई सर."

मागं दोघे उभे होते. एकाच्या हातात लग्नाचा पेनड्राइव्ह होता आणि तो किल्लीसारखा बोटावर फिरवत होता. मी म्हणालो, "वाढदिवसाचा." एवढं बोलून मला इतकं हलकं वाटलं की 'काही करू नका' हे सांगायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी फोटो मिळाला आणि मी खूश झालो. हे लपवण्यात अर्थ नाही. आईचा चेहरा उजळला होता, डोळ्यांखालची सूज उतरली होती, चष्म्यावरची चमक गेली होती. मागची कडी जाऊन फिकट गुलाबी रंग आला होता. कागद जाड, रेघ नाही, डाग नाही. शनिवारी तो मांडीवर घेऊन निपाणीच्या बसमध्ये बसलो. काकतीच्या पुढे एकदा काढून पाहिला, संकेश्वरच्या अलीकडे परत पाहिला. शेजारी एक पागोटंवाला शेतकरी होता.

"आई व्हय?"

"हो."

"तब्येत चांगली हाय."

"हो," मी म्हणालो. घाट चढेपर्यंत मला ते खरंही वाटत होतं.

आईनं फोटो मांडीवर ठेवला. चष्मा पुसला, परत लावला. आतमध्ये आक्का मुद्दाम भांडी आपटत होती.

"कोण हाय ही?" आई म्हणाली.

"तूच की."

"माझं गोंदण कुठं गेलं?"

मी वाकून पाहिलं. हनुवटीवर काही नव्हतं. भुवयांच्या मध्ये काही नव्हतं. मग मी वर तिच्याकडे पाहिलं. हनुवटीवर तीन हिरवट ठिपके होते आणि भुवयांमध्ये छोटीशी चंद्रकोर. आप्पा असताना ती कुंकवाखाली असायची, आप्पा गेल्यावर उघडी पडली. जन्मल्यापासून मी हा चेहरा बघत आलो आहे. तरी कालपासून तो फोटो चार वेळा पाहिला, अनोळखी माणसाला दाखवला, आणि त्यातून काय गेलंय हे मला दिसलं नव्हतं. मला फक्त सूज गेलेली दिसली होती.

"मशीननं डाग समजून काढलं असेल," मी म्हणालो.

"मशीननं काढलं. तू बघितलं न्हाईस?"

मी फोटोची कडा बोटानं सरळ करू लागलो.

तिनं आपल्याच हनुवटीवर बोट ठेवलं. "सात वर्षांची होते. जत्रंत आज्जीनं धरून बसवलं. गोंदणारी बाई सुई टोचत होती आणि मी आज्जीच्या हाताला कडाडून चावले. ती म्हणाली, चाव, पण हलू नको. दागिनं सगळं हितंच राहत्यात, गोंदण तेवढं बरोबर येतं." थोडं थांबून म्हणाली, "माझा काय त्यावर लई विश्वास न्हाय. पण तिकडं कोण वळखणारं असंलच, तर खूण नको? तुझं आप्पा कोट घालून बसल्यात. त्यास्नी मी वळखणार न्हाय. निदान त्यांनी तरी मला वळखावं."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता.

"सोमवारी बेळगावच्या दवाखान्यात भरती व्हायचंय," आई म्हणाली. "वाटंत त्या लॅबमदी थांबायचं. मी बसून करून घेते."

आक्का बाहेर आली. "आई, तुला दोन पायऱ्या चढल्यावर दम लागतोय. तू ऑपरेशनला चाललीयास का स्टुडिओत?"

"वाटंवरच हाय न्हवं?"

"आणि आधीच फोटो करून ठेवायचा म्हंजे काय गं? बोलवणं धाडल्यागत?"

"यायचं ते बोलावलं तरी येतंय, न बोलावलं तरी येतंय. फोटो तेवढा बोलावल्याशिवाय नीट येत न्हाय." एवढं बोलून आईनं गुलाबी फोटो आक्काच्या हातात दिला. "हा तू ठेव. तुला गोरी आई पायजे असली तर."

आक्कानं तो घेतला आणि उलटा करून कपाटावर ठेवला.

सोमवारी भाड्याची गाडी करून निघालो. आई पुढच्या सीटवर होती, आक्का आणि मी मागे. लॅबच्या तीन पायऱ्या चढायला आईला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही, पण प्रत्येक पायरीवर थांबून ती रस्त्याकडे बघत उभी राहत होती, जणू रहदारी पाहायलाच आली आहे. आक्का गाडीतून उतरलीच नाही.

आतल्या खोलीत फोटो दुरुस्त करणारा माणूस पन्नाशी ओलांडलेला होता, चष्मा कपाळावर चढवलेला. पूर्वी अंधाऱ्या खोलीत रसायनात हात बुडवून फोटो धुणाऱ्यांपैकी तो होता. आता संगणकापुढे बसतो. त्यानं स्वतःची खुर्ची आईला दिली आणि आपण स्टुलावर बसला.

"अज्जी, आमी काय केलं न्हाई बगा. मशीनच करतंय. चेहरा दिसला की डाग काढतंय."

"हे डाग न्हवं."

"मशीनला काय कळतंय ते?"

"तुला कळतंय न्हवं?"

तो हसला. "खरं सांगू अज्जी? काळं आलं तर माणसं भांडत्यात. पैलं मी इचारत होतो, गोरं करू का न्हाई म्हणून. सगळेच करा म्हणाले. मग इचारायचंच सोडलं."

"माझं काढ सगळं."

"काय काय काढू?"

"तू काय काय घातलंयस ते मला काय ठावं? सगळं काढ."

पडद्याच्या कडेला छोट्या चौकटींची एक रांग होती, मशीननं केलेल्या प्रत्येक दुरुस्तीपुढं एक, आणि प्रत्येकीत बरोबरची खूण. तो एकेका चौकटीतली खूण काढत गेला. पहिल्यांदा सुरकुत्या परत आल्या. मग गोंदण. मग रंग उतरू लागला. उतरू लागला म्हणजे चढू लागला. वाळत घातलेल्या तंबाखूच्या पानाचा असतो तसा तपकिरी रंग कपाळापासून खाली आला. गुलाबी गेलं आणि मागची दाराची कडी दिसली. चष्म्यावर उजेडाचा तुकडा परत बसला. शेवटची खूण काढली तशी डोळ्यांखालची सूज आली, ओठांवर निळसर छटा आली, मानेवरची एक शीर दिसू लागली.

डॉक्टरांनी चित्र काढून जे सांगितलं होतं ते सगळं त्या पडद्यावर होतं. आठवडाभर मी कागद बदलत होतो, खिडक्या बदलत होतो, बसमध्ये बसत होतो. ते सगळं आता माझ्यासमोर एवढं मोठं होऊन बसलं.

"थोडं उजळ—" मी म्हणालो.

त्या माणसाचा हात थांबला. आईनं मान वळवली नाही.

"भ्या वाटतंय व्हय रं?"

"हो."

"मग जा, भाईर सोफ्यावर बस."

मी बाहेर आलो. सोफ्यावर बसलो नाही. चंद्रावरचं जोडपं पाहिलं, टोपलीतलं मूल पाहिलं, युवा नेते पाहिले, परत चंद्रापाशी आलो. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "सर, काय पायजे होतं?" मी म्हणालो, आत आई आहे. आतून दोघांचं बोलणं ऐकू येत होतं. तो माणूस म्हणत होता की त्याच्या आजीच्या हातावर अख्खी तुळस गोंदलेली होती, कुंडीसकट. आई म्हणत होती, तेवढं सोसायचं म्हंजे बाई धीराची असणार.

प्रिंट बाहेर आला. आईनं तो हातभर लांब धरला, मग जवळ आणला, मग परत लांब.

"हां," ती म्हणाली. "ही मी."

तो माणूस पुठ्ठा लावून फोटो गुंडाळू लागला. मला वाटलं, आता बोलायला हरकत नाही. "आई, आप्पांचाही नवा करून घेऊ या का? नंतर तुझ्या पासबुकात त्यांचा एक जुना फोटो सापडला होता की. टोपीतला."

तिनं थोडा विचार केला. "राहू दे. अकरा वर्षं लोकांनी त्या कोटाला नमस्कार केलाय. आता काढला तर लोकांनी कुणाला केला म्हणायचं?" मग उठता उठता म्हणाली, "टोपीतलं आप्पा माझ्यापाशी हायत. ते कुणाला दाखवायचं न्हायत."

दवाखान्यात जायच्या आधी फोटो घरी बायकोकडं दिला. तिनं उघडून पाहिला, परत गुंडाळला आणि आपल्या साड्यांच्या कपाटात ठेवला.

ऑपरेशनच्या दिवशी बाहेरच्या दालनात आक्का आणि मी होतो. भिंतीवर डॉक्टरांचे फोटो होते. एका मंत्र्याबरोबर, एका महाराजांबरोबर, एका फीत कापण्याच्या समारंभात. सगळ्यांचे चेहरे एकसारखे गुळगुळीत. त्या दिवशी मात्र मला त्यांची थट्टा सुचली नाही. हा माणूस आत्ता आत आहे आणि त्याचे हात चांगले असावेत, एवढंच मनात होतं. मी जिन्यापर्यंत जात होतो आणि परत येत होतो.

"कुठाय तो फोटो?" आक्कानं मध्येच विचारलं.

"घरी. कपाटात."

"फाडून टाक."

"आईनं पसंत केलाय."

"म्हणूनच सांगतीया." तिनं पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. "मला तो गुलाबीच बरा वाटला होता रं. सांगितलं न्हाय तुमाला."

"मलाही," मी म्हणालो.

दुपार कलल्यावर दार उघडलं आणि डॉक्टर टोपी काढत बाहेर आले. झडप बसली होती. पुढचे दोन दिवस सांभाळायचे होते. ते दोन दिवस गेले, मग आठवडा गेला, मग आई आक्काबरोबर निपाणीला परत गेली.

दोन-अडीच महिन्यांनी मी गेलो तेव्हा ती दारात उभी राहून दूधवाल्याला सुनावत होती. दुधात पाणी घाल, पण निदान चांगलं पाणी घाल, असं काहीतरी. अंगणाच्या दोन पायऱ्या ती न थांबता चढली. चेहऱ्याची सूज गेली होती, ओठ ओठांसारखे दिसत होते. कोणत्याही चौकटीत खूण न करता ती उजळली होती. गोंदण होतं तिथंच होतं.

"फोटो आणलास?"

तिनं फोनवर बजावलं होतं म्हणून आणला होता. द्यायला हात होत नव्हता. तिनं पुठ्ठा सोडवला आणि उभ्याउभ्याच बघितलं.

"ही लई आजारी हाय."

"तूच म्हणालीस, ही मी."

"तवा व्हते. आता हाय का तशी?" तिनं फोटो माझ्या तोंडासमोर धरला. "हे भिंतीवर लावलास तर येणारी माणसं मलाच विचारतील, काय झालं म्हणून."

मला हसू आलं. माणसं आली आहेत आणि हीच त्यांना उत्तर देते आहे, असं चित्र तिच्या डोळ्यांसमोर असावं.

"मग फाडू?" आतून आक्का आशेनं म्हणाली.

"फाडायचा न्हाय. तीबी मीच. ठेव तिकडं कपाटात." मग माझ्याकडं वळली. "परत काढ."

"आत्ता?"

"मग कवा? तुला काय घाई न्हाय, मला हाय."

ती पायरीवर बसली. मी फोन काढला. समोर तीच, तशीच बघत होती, भाजीवाल्याकडं बघते तशी, आणि मला समजत होतं की हा काही शेवटचा नाही. हा लॅबमधल्या त्या माणसाकडं न्यायचा, चौकटींतल्या सगळ्या खुणा काढायला सांगायच्या, छापून इथं आणायचा. पुढच्या वर्षी ती परत म्हणेल की ही मी नव्हे. आणि एकदा कधीतरी म्हणणार नाही. तेव्हा जो हातात असेल तो भिंतीवर जाईल.

मी बोट टेकवलं. तिनं हात पुढं केला, फोन घेतला, जवळ धरून पाहिला.

"हलला. तुझा हात हलला. परत काढ."

मी फोन तिच्याकडून घेऊन पायरीपासून एक पाऊल मागं सरलो आणि परत धरला.